भाऊबीजेच्या पानाची डावी बाजू

जानरावाचा फोन आला तेव्हा मैनाबाई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या दोन खोल्यांत मेथी निवडत बसली होती. थोरल्या भावाचं नाव फोनवर दिसलं आणि तिच्या काळजात धस्स झालं. गेल्या तीन वर्षांत या माणसाने आपणहून फोन केला होता तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा भाऊकीत कोणीतरी मेलं होतं.

"मैने, भाऊबीजेले येजो," जानराव म्हणाला. "एक दिस आधीच ये. डावी बाजू तुह्या हातची पायजे. तुह्या वयनीले नाही जमत तुह्यासारखी."

मैनाबाईच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. "येते नं दादा. याईले सुट्टी भेटते का पाहते, मंग दोघंही..."

"जावयबापूले कायले तकलीफ? कापसाच्या जिनिंगचा सीजन हाय, त्याईले कोण सोडन? तू एकटीच ये. आन हो, आधार कार्ड घेऊन येजो. बसमधी अर्धं तिकीट लागते."

फोन ठेवल्यावर मैनाबाई एकटीच हसली. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट बसल्या जागी मिळतं, त्याला कार्ड कोण विचारतं? दादा कधी एसटीत बसला असेल तर त्याला माहीत! पण भावाने आपल्या तिकिटाची काळजी केली याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की तिने कार्ड लगेच पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकलं.

वडील गेल्यापासून माहेरची भाऊबीज बंद पडल्यात जमा होती. पहिल्या वर्षी घरात सण नव्हता. दुसऱ्या वर्षी म्हणे, आमी सगळे तिरुपतीले चाललो. तिसऱ्या वर्षी तर कारणही नाही. मैनाबाई त्या दिवशी दिवसभर फोन जवळ घेऊन बसली होती आणि संध्याकाळी चंद्राला ओवाळून तिने भाऊबीज साजरी केली. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. ती गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

म्हणून यंदाचा फोन तिने गल्लीत सात घरी सांगितला.

"भाई ने खुद बुलाया?" शेजारच्या जैनबबीने विचारलं.

"खुद! म्हणे, चटणी तेरेच हात की होना."

"फिर तो जाना पडता बाई. लिंबू मेरे झाड के लेके जा. बाजार के मत ले, सूखे रहते."

आता डावी बाजू म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागतं तो आयुष्यभर ताटात जेवलेला असणार. केळीच्या पानावर पंगतीत बसलेल्याला ते विचारावं लागत नाही. पानाच्या वरच्या अंगाला मधोमध मीठ. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, मग चटण्या, कोशिंबीर, लोणचं, पंचामृत, आणि खाली कुरडई, पापड, भजी. उजवीकडे भाज्या आणि कढी, मध्ये पुरणपोळी तोऱ्यात. जेवून उठणारा माणूस तारीफ करतो ती पुरणाची. चटणीचं नाव कोणी काढत नाही. पण ती नसली की तिसऱ्या पोळीला हाच माणूस पाण्याचा तांब्या शोधतो. मैनाबाईची आई म्हणायची, गोडानं पोट भरते, जेवण होते ते चटणीनं.

त्या घरात आणखी एक रीत होती. पानावर सगळ्यात आधी पडायचं ते मीठ, आणि भाऊबीजेला ते लेकीने वाढायचं. बाकी वाढप कोणीही करो. मैनाबाईचा बाप तर लेकीने मीठ वाढल्याशिवाय पानाला बोट लावायचा नाही. पंगतीत सरपंच बसलेला असो की व्याही, म्हातारा सगळ्यांना थोपवून धरायचा. मैना परकर नेसायची तेव्हापासून हा मान तिचा होता. लग्नानंतर तर ती वर्षभर त्या चिमूटभर मिठाची वाट पाहायची.

चार दिवस तिने घर दणाणून सोडलं. जवस भाजले, तीळ भाजले, लाल मिरची खलात कुटताना गल्लीतली चार घरं शिंकली. उन्हाळ्यात दह्यात मुरवून वाळवलेल्या मिरच्यांचा डबा उघडला. बाजारातून ताजे आवळे आणून त्यांचं लोणचं घातलं. लिंबाचं जुनं मुरलेलं लोणचं तर तिने नवऱ्यालाही चाखायला दिलं नाही. मग या बरण्या मांडीवर घेऊन ती अकोल्याहून अमरावतीला आली, तिथे गाडी बदलून चांदूर बाजारला उतरली, आणि पाहते तर भाचा कुलदीप मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभा.

ज्या कुलदीपने मागच्या वर्षी अमरावतीच्या एका लग्नात तिला ओळख दाखवली नव्हती, तो भर स्टँडवर वाकून तिच्या पाया पडला. "आत्या, तुमी आरामात बसा मांगे. बरण्या मी समोर घेतो."

घरी तर विचारू नका. जानरावाने स्वतः अंगणात येऊन "ये बाई, ये" म्हटलं. झोपायला पंख्याखालचा पलंग. कपाखाली बशी. एवढा मान तिला लग्नाच्या दिवशीही मिळाला नव्हता. चंदावहिनी तेवढी नेहमीसारखी मूग गिळून होती. हसली नाही, बोलली नाही, चहा ठेवून आत निघून गेली. मैनाबाईने मनात म्हटलं, जळते बाई. जळू दे.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मैनाबाई अंघोळ करून स्वयंपाकघरात शिरली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो पानं किती, हा. डावी बाजू करणाऱ्या बाईला तो विचारावाच लागतो. लिंबाच्या फोडी, पापड, भजी सगळं त्या आकड्यावर चालतं.

"पयल्या पंगतीले पाच," कुलदीप म्हणाला. "बाबा, मी, भाऊकीतले दोन आजोबा, आन चांदूर बाजारचे एक काका."

"कोणते काका?"

"हायेत एक. बाबाच्या ओळखीचे." आणि तो गाडीची किल्ली फिरवत बाहेर गेला.

मैनाबाईने फार विचार केला नाही. पंचामृताची चिंच भिजत घातली आणि ओवाळणीचं ताट लावून ठेवावं म्हणून देवघरात गेली. ओवाळणं जेवणानंतर होतं, पण निरांजन, सुपारी, अक्षता आधीच मांडलेल्या बऱ्या. देवासमोरच्या पाटावर एक पिशवी होती. पिशवीतून साडीचा काठ दिसत होता, मोरपंखी. कोणती बहीण अशा वेळी पिशवीत डोकावणार नाही? तिने साडी बाहेर काढली, काठावरून हात फिरवला, गालाला लावून पाहिली. साडीखाली प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद होता. कागदाच्या कोपऱ्याला ताजं हळदकुंकू लावलेलं होतं आणि त्यावर एक तांदळाचा दाणा चिकटला होता.

मैनाबाई सातवी शिकलेली. तिला वाचता येत होतं. हक्कसोडपत्र, असं वर ठळक लिहिलं होतं. लिहून देणार, सौ. मैनाबाई. लिहून घेणार, श्री. जानराव. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, केवळ बंधुप्रेमापोटी, वर वर्णन केलेल्या शेतजमिनीतील माझा हक्क व हिस्सा माझे बंधू यांचे लाभात कायमचा सोडून देत आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही व पुढे राहणार नाही." खाली तिच्या सहीसाठी रेघ, तिच्या आधार कार्डाच्या आकड्यांसाठी रिकाम्या चौकटी, आणि दोन साक्षीदारांच्या जागा.

आमच्या वऱ्हाडात नवा ट्रॅक्टर असो की नवी कोर्टकचेरी, हळदकुंकू लावल्याशिवाय काही सुरू होत नाही. जानरावानेही कागद आणला तो आधी देवापुढे ठेवला. देवाला साक्षी ठेवून बहिणीचा काटा काढायचा बेत केला. पण भाऊबीजेच्या सकाळी देवघरात सगळ्यात आधी कोण शिरतं, एवढं त्या भक्ताला सुचलं नाही.

मैनाबाईने कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना तिचे कान तापले.

शेताचा विचार तिने जन्मात केला नव्हता. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आपलंही नाव चढलं हे तिला तलाठ्याच्या नोटिशीवरून कळलं होतं, आणि ती नोटीस तिने रेशनकार्डाच्या डब्यात घडी करून ठेवून दिली होती. संत्र्याची बाग आपली आहे असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दादाने समोर बसून मागितलं असतं तर तिने चहा संपायच्या आत सही केली असती. तिला झोंबली ती चटणीची थाप. चार दिवस ती जवस भाजत होती, आणि हा तिकडे कागद टाईप करून घेत होता. तिच्या तिकिटाची काळजी! आधार कार्ड घेऊन येजो! अरे, मेल्या!

तिने कागद पाकिटात घातला. पाकीट पुन्हा पिशवीत ठेवलं नाही, पदराखाली घेतलं आणि स्वयंपाकघरात येऊन चण्याच्या डाळीच्या डब्यामागे सरकवून दिलं.

चुलीशी वहिनी पुरण वाटत होती.

"वयनी, हे तुमाले ठाव होतं?"

चंदावहिनीने मान वर केली नाही. "तेल तापलं का पाहा," एवढंच म्हणाली.

म्हणजे माहीत होतं. मैनाबाईला वाटलं, उचलावी पिशवी आणि आल्या पावली निघावं. बरण्या अंगणात फोडून जावं, साऱ्या गावाला लोणच्याचा वास सुटू दे. दुसरं वाटलं, पंचामृतात ओंजळभर मीठ ओतावं. नैवेद्य दाखवण्याआधी कोणी चाखत नाही, पानावर बसल्यावरच कळेल. तिचा हात मिठाच्या बरणीपर्यंत गेलाही. पण अन्न नासवणं तिला जमेना. राग माणसावर होता, चिंचेचा काय गुन्हा? मग तिने सगळा राग ठेच्यावर काढला. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून खलात घातल्या, लसूण घातला, जाडं मीठ घातलं, आणि असा ठेचला की कुलदीप बाहेरून ओरडला, "आत्या, भिंत पाडता का?"

"पाडाची हाय," मैनाबाई म्हणाली.

काकडीची कोशिंबीर केली. मेथीची भजी काढली. कुरडया तळल्या, त्या तेलात फुलून पांढऱ्याशुभ्र वर आल्या. जैनबबीच्या लिंबांच्या फोडी केल्या. आयुष्यात इतकी नेटकी डावी बाजू तिच्या हातून झाली नव्हती. हात चालत होते आणि तोंडाने ती पुटपुटत होती. कधी दादाला, कधी वहिनीला, कधी स्वतःलाच शिव्या घालत होती. सगळ्यात जास्त स्वतःला. सात घरी सांगत फिरली, वेडी कुठली!

बारा वाजता पंगत बसली. जानराव, त्याच्या बाजूला कुलदीप, समोर भाऊकीतले दोन म्हातारे, आणि मधल्या पाटावर चांदूर बाजारचा तो काका. काखेत रेक्झिनची बॅग, खिशाला तीन पेनं. अर्जनवीस होता, कागद लिहून देणारा. सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात फोटो, अंगठा आणि सगळं तोच करून देणार होता. आजची सही फक्त बाईचं मन बदलू नये म्हणून.

पाच हिरवीगार पानं कोरी पडली होती. मैनाबाई एका हातात मिठाची वाटी आणि दुसऱ्या हातात ते पाकीट घेऊन बाहेर आली. जानरावाला वाटी आधी दिसली.

"वाढ बाई, मीठ वाढ," तो म्हणाला. मग त्याला पाकीट दिसलं.

"वाढते. आधी साहेबाले हे वाचू दे."

"ते जेवणानंतर पाहू."

"काहून? जेवण झाल्यावर अक्षरं बदलतात का?"

अर्जनवीस चष्मा पुसू लागला. कुलदीप पानाकडे पाहू लागला. जानरावाने घसा साफ केला आणि आवाजात लोणी आणलं. "अवं मैने, कागद हाय नुसता. कुलदीपले संत्र्याचं शेड टाकाचं हाय. बँकवाले म्हणतात, सातबाऱ्यावर एकच नाव पायजे. सांगनारच होतो तुले."

"मंग फोनवर शेड म्हणाचं होतं, दादा. चटणी काहून म्हणलं?"

मैनाबाईने पाकीट अर्जनवीसाच्या पानावरच ठेवलं. "वाचा साहेब. मोठ्यानं वाचा. मले कमी ऐकू येते."

बिचाऱ्याने वाचायला सुरुवात केली. पोटात कावळे ओरडत होते, तरी गडी सवयीने भरभर वाचत गेला. राजीखुशीने झालं, दडपणाखाली न येता झालं. बंधुप्रेमापोटीवर मैनाबाईने त्याला थांबवलं.

"हे प्रेम कोणाचं?"

"बाई, असा मजकूर असतोच. साऱ्याच कागदात असते."

"कागद माह्या नावाचा, म्हणजे प्रेमही माह्यंच झालं नं? आन ते यानं तुमच्यापाशी टाईप करून ठेवलं. मी अकोल्यात तीळ भाजून राहिली होती, तवा माह्यं प्रेम इकडे तयार झालं होतं! दादा, एकदा विचारून तं पाहाचं होतं. हाय का नाही, हे तरी पाहाचं होतं!"

तिचा आवाज चढला होता. शेजारच्या ओट्यावर बायका येऊन उभ्या राहिल्या. भाऊकीतला एक म्हातारा मध्ये पडला. "पोरी, बापाच्या घरचं मीठ खाल्लं तुनं. त्याले जागावं माणसानं."

"मीठ मी वाढत आली, काका. खाल्लं तुमी," मैनाबाई म्हणाली.

म्हाताऱ्याने टोपी सारखी केली. पण आता जानरावाचा पारा चढला. लोणी वितळून गेलं आणि खालचा खरा आवाज वर आला.

"बस! लय झालं! लग्न कोणं करून देल्लं तुह्यं? दोन बाळंतपणं कोणं केली? आं? दरसाल साडीचोळी नेत होती तवा नाही दिसलं तुले? कोणती बहीण भावाच्या वावरात हिस्सा मागते वं? चार गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवाची तुले?"

"मागतला कुठी म्या? तूच तं सोड म्हणून राहिला!"

"ऐक मैने." जानराव पाटावरून अर्धा उठला. "शेवटचं सांगतो. सही कर, हे माहेर तुह्यं हाय. जनमभर ये, राह्य, खाय. नाही करत तं या उंबऱ्याच्या आत पाय नाही ठेवाचा. मी मेलो तरी नाही. मले बहीण नाही समजीन."

हे बोलणं मात्र मैनाबाईच्या वर्मी लागलं. इतका वेळ राग तिला उभं धरून होता. तो राग एकदम पायातून गळून गेल्यासारखा झाला. तिला मागच्या वर्षीची संध्याकाळ आठवली, गच्चीवर निरांजन घेऊन उभी राहिली होती ती. तशाच आता मरेपर्यंतच्या सगळ्या दिवाळ्या जायच्या. जैनबबी विचारेल, क्या बोला भाई? काय सांगायचं तिला? आणि वावर घेऊन तरी काय करणार होती ती? ना नांगर, ना बैल, ना गावात घर. नवऱ्याच्या पगारात भागतं. पोरी आपापल्या घरी सुखी आहेत. एक सही केली तर उंबरा राहतो. उंबऱ्याशिवाय बाईला दुसरं काय असतं?

तिने मिठाची वाटी खाली ठेवली. "द्या साहेब पेन," ती म्हणाली.

अर्जनवीसाने खिशातलं मधलं पेन काढून टोपण उघडून दिलं. जानराव पुन्हा पाटावर टेकला. "शायनी हाय माही बहीण," तो म्हणाला. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

"करू नका."

स्वयंपाकघराच्या दारात चंदावहिनी उभी होती. हाताला पीठ, कपाळावर घाम. सव्वीस वर्षांत तिने या ओसरीवर पुरुषांसमोर तोंड उघडलं नव्हतं. कुलदीप तर आईकडे असा पाहत राहिला की ही कोण बाई आली.

"करू नका, मैनाबाई. मी केली."

"चंदे, आत जा," जानराव म्हणाला.

"जाते. पोळी तव्यावर हाय. पण बोलून जाते." ती मैनाबाईकडेच पाहत होती. "मागच्या भाऊबीजेले माहेरी, आमच्या तिवशाले, केली मी सही. तिघं भाऊ पाया पडले माह्या. पुरण चारलं, साडी नेसवली. म्हणे, चंदाताई, माहेर तुह्यंच हाय. मले नव्हती कराची. याईनंच म्हणलं, करून टाक, भावासंग वैर कायले घेतं. म्हणून केली."

"मंग काय वाईट झालं?" जानराव ओरडला.

"आज भाऊबीज हाय," चंदावहिनी म्हणाली. "आन मी इथं पोळ्या लाटून राहिली. तुमी विचारलं का मले, तू काहून नाही गेली तिवशाले? यंदा एकाचाही फोन आला नाही. परवा मीच केला. धाकट्याची बायको म्हणे, आमी सगळे फिराले चाललो, घराले कुलूप हाय. सही झाली नं मैनाबाई, आता त्याईले माह्यं काय काम हाय?"

आत तव्यावर पोळी करपल्याचा वास सुटला तरी ती जागची हलली नाही. ती रडत नव्हती. तिचा चेहरा संतापाने काळाठिक्कर पडला होता, आणि तो संताप वर्षभर या घरात पोळ्या लाटत होता हे कोणाला कळलं नव्हतं. मैनाबाईला तर मुळीच नाही. कालपासून ती त्या बाईला जळकी म्हणत होती.

मैनाबाईने हातातल्या पेनकडे पाहिलं. दुसऱ्या वर्षी आमी तिरुपतीले चाललो. तिसऱ्या वर्षी काहीच नाही. आणि चौथ्या वर्षी पंख्याखालचा पलंग, बशी, मोटरसायकल, मोरपंखी काठ. तिला सगळं एका क्षणात लख्ख दिसलं, आणि मघाशी पायातून गळालेला राग पुन्हा डोक्यात चढला. या वेळी तो थंड होता. तिने टोपण लावून पेन अर्जनवीसाच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमी जेवून जा साहेब. कागद घेऊन जा. सही नाही होत."

"मैने!" जानराव गरजला. "सांगतलं नं म्या, उंबरा..."

"ऐकलं, दादा. आता माह्यं ऐक. ओवाळाले मी मागं नाही. शंभर वर्षं जग. वावर तू वाह्य, संत्रा तू वीक, मले एक फोड नको त्यातली. पण नाव नाही काढत मी. जोवर त्या सातबाऱ्यावर माह्यं नाव हाय, तोवर तुले दर दिवाळीले मले फोन कराच लागन. चटणीसाठी म्हण, शेडसाठी म्हण, काहीही खोटं बोल. पण कराच लागन. आन नाव गेलं की त्याच्या दुसऱ्या दिवशी तुह्याही घराले कुलूप लागन, हे आता मले समजलं."

जानरावाला हे खोटं आहे असं म्हणायचं होतं, पण दारात त्याची बायको उभी होती.

आपण जिंकलो असं मैनाबाईला क्षणभरही वाटलं नाही. भावाची माया आता तलाठ्याच्या दप्तरातल्या एका ओळीवर टिकून आहे, हे तिने भर पंगतीत स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि पाच जणांत एकानेही ते खोडून काढलं नव्हतं. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.